कोर्टात दुभाषी कसा मागायचा: ठाण्यात या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सकाळी साडेदहाच्या आसपास ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर उभे राहिलात तर मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून आलेली माणसं लगेच ओळखू येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घालून घालून मधोमध फाटलेले कागद, आणि दिसेल त्या काळ्या कोटवाल्यापुढे ते कागद धरायचे. यातले बरेच जण वारली, कातकरी, ठाकर. पोलिसांच्या, कोर्टाच्या कागदांवर मात्र सगळ्यांची भाषा एकच, मराठी. गोची तिथूनच सुरू होते.

मी वकील नाहीये हे आधीच सांगते. काही वर्षं कोर्टात आणि जेलच्या मुलाखतीच्या रांगेत लोकांबरोबर जाते, कागद वाचून दाखवते, वकिलांना फोन करते, एवढंच. हल्ली कॉलेजची मुलं, संस्थांमधले नवीन कार्यकर्ते, कधी नुकतीच सनद मिळालेले ज्युनिअर वकीलही विचारतात की ताई, आरोपीला भाषा कळत नाहीये तर करायचं काय, आणि दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक प्रसंग, म्हणजे पुढचं कशासाठी सांगतेय ते कळेल. जिल्ह्यातल्याच एका कोर्टात वीटभट्टीवरच्या एका कातकरी दादाची केस होती, चोरीची. शेठच्या गल्ल्यातले पैसे नेले असा आरोप. दोषारोप वाचायच्या दिवशी मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, शेठचे पैसे उचललेस का, गुन्हा कबूल आहे का? दादा लगेच म्हणाला, हो साहेब, उचलले. आता भट्टीवरच्या माणसाला "उचल" म्हणजे काय हे ठाणे जिल्ह्यात कोणालाही विचारा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा शेठकडून अंगावर पैसे घ्यायचे आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन नवरा-बायकोने विटा पाडून ते फेडायचे. तो त्या उचलीबद्दल बोलत होता आणि कोर्टाने ऐकली चोरी. त्याची वकीलताई उठून "मॅडम एक मिनिट" म्हणाली नसती तर तिथल्या तिथे कबुली लिहून शिक्षा झाली असती, कारण वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याच्या) आरोपीने गुन्हा कबूल केला तर मॅजिस्ट्रेटला त्यावरच दोषी ठरवता येतं.

म्हणून माझं पक्कं मत झालंय की संथाळी किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाचं एका अर्थी बरं असतं, त्याला काहीच कळत नाही हे अख्ख्या कोर्टाला दिसतं. खरा फसतो तो ज्याची भाषा मराठीसारखी ऐकू येते आणि जो सगळ्याला "हो साहेब" म्हणतो.

कायद्यात काय आहे

थोडक्यात सांगते, पण कलमांचे नंबर पाठ करून ठेवा, कारण कोर्टात नंबर सांगितला की समोरच्याचा आवाज बदलतो. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ३१४ हे आपलं मुख्य हत्यार. आरोपी कोर्टात हजर असेल आणि पुरावा त्याला न समजणाऱ्या भाषेत दिला जात असेल तर तो खुल्या कोर्टात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितलाच पाहिजे. जुन्या सीआरपीसीत हेच कलम २७९ होतं, आणि तेव्हापासून चालू असलेल्या खटल्यांत अजून तोच नंबर लागतो, तेवढं तारखा बघून ठरवा.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. कायदा "समजणारी भाषा" म्हणतो, "मातृभाषा" म्हणत नाही. त्यामुळे सरकारी वकील पहिलं वाक्य टाकणार, ह्याला हिंदी येते की, मराठी येते की. कधी कोणी विचारेल, ही काय घटनेच्या आठव्या अनुसूचीतली (मान्य भाषांच्या यादीतली) भाषा आहे का. त्याचं उत्तर सोपं आहे, कलम ३१४ मध्ये अनुसूचीचा उल्लेखच नाही. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटीच्या वर आणि गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत, तरी दोन्ही भाषा अनुसूचीत नाहीत. संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आत आली. कोर्टात याने काही फरक पडत नाही, प्रश्न फक्त समोरच्या माणसाला कळतंय का एवढाच.

जोडीला आंतरराष्ट्रीय नागरी आणि राजकीय हक्कांचा करार आहे, भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. त्याच्या कलम १४ मध्ये आरोपीला कोर्टाची भाषा येत नसेल तर दुभाष्याची मदत फुकट मिळाली पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. "फुकट" हा शब्द पुढे अर्जात कामाला येतो.

पहिल्या भेटीत भाषा तपासा

मुलाखतीत बसलात की आपला हात शिवशिवतो पटापट विचारायला, कळलं का? कळलं ना? हे अजिबात करू नका. जेलमध्ये बसलेला माणूस, समोर पँट-शर्टातलं कोणीतरी, तो हो म्हणणारच, त्याला नाही म्हणायची सवयच नाही लावलेली कोणी. आणि "तू तिथे नव्हतास ना?" असले उलटे प्रश्न तर टाळाच. तो "हो" म्हणाला तर होता की नव्हता, देवालाच माहीत.

मी काय करते ते सांगते. आधी कोर्टाचं काही काढतच नाही. गाव कुठलं, पाड्यावर घरं किती, यंदा भात कसं झालं, घरी कोण कोण आहे, असं बोलत बसते आणि त्याला लांब बोलू देते, मी गप्प. त्यातलं मला किती कळतं ते बघते. मग त्याला एक गोष्ट मराठीत सांगते, उदाहरणार्थ पुढच्या तारखेला काय होणार ते दोन-तीन वाक्यांत, आणि म्हणते, दादा, आता हे तुमच्या बायकोला कसं सांगाल ते मला सांगा बघू. इथे सगळं उघडं पडतं. एकदा मी एका माणसाला "जामीन मिळाला तर दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी" असं समजावलं, मान हलवून हलवून ऐकलं त्याने, आणि परत सांग म्हटल्यावर म्हणाला की सोमवारी पोलीस येऊन जमीन घेणार. जामीन आणि जमीन. हसू आलं तेव्हा, पण रात्री झोप नाही लागली.

ही परत सांगायला लावायची पद्धत माझ्या डोक्यातली नाही बरं का. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९७६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने आदिवासी संशयितांची चौकशी कशी करायची याचे नियम घालून दिले, अनुंगा रूल्स म्हणतात त्यांना. त्यात गप्प राहायचा हक्क समजावल्यावर संशयिताला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा असं आहे, कारण साहेबाला बरं वाटावं म्हणून हो म्हणायची सवय तिथल्या कोर्टालाही दिसली होती. तरीसुद्धा घोळ होतातच. २०१७ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या अपील कोर्टाने एका आदिवासी तरुणाची शिक्षा रद्द केली, त्याने गुन्हा कबूल केला होता, पण त्याच्याशी बोलताना भाषेची अडचण नीट लक्षातच घेतली गेली नव्हती. म्हणजे आपल्या भट्टीवाल्या दादासारखंच.

वेळ आणि नाती यावरही कान ठेवा. "वाघबारशीच्या आधी", "दिवस कासराभर वर आला तेव्हा" असं तो सांगेल आणि कागदावर लिहिणारा अंदाजाने ९ वाजता असं टाकेल. "भाऊ" म्हणाला की सख्खा, चुलत की गावकीतला ते विचारून घ्या, उलटतपासात यावरून साक्षीदाराला खोटं पाडलेलं मी बघितलंय. हे सगळं वहीत तारखेसह, जमलं तर त्याच्याच शब्दांत लिहा. पुढे "याला मराठी येत नाही" असं नुसतं म्हणण्यापेक्षा अमुक दिवशी अमुक वाक्य सांगितलं, त्याने असं परत सांगितलं, हे वकिलाला शंभरपट उपयोगाचं.

अटक आणि रिमांड

अटक झालेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि अटकेची कारणं सांगावी लागतात, ते तर घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. पण कुठल्या भाषेत? महाराष्ट्रातलीच एक जुनी केस आहे, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची होती. त्या माणसाला फक्त हिंदी येत होती, कारणं दिली इंग्रजीत. सुप्रीम कोर्टाने स्थानबद्धता बेकायदा ठरवली. मग अलीकडे ६ नोव्हेंबर २०२५ ला, मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र या केसमध्ये (वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताची, पेपरात गाजलेली), सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुठलाही गुन्हा असो, अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तातडीत तोंडी सांगितली तरी रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटसमोर, उभं करायच्या निदान २ तास आधी लेखी हातात पडली पाहिजेत.

एका श्रीमंत घरच्या मुलाच्या केसमधून आलेला निकाल आता पाड्यावरच्या माणसाला वापरता येतो, तर वापरा. रिमांडच्या वेळी वकिलाला सांगा की मॅडम किंवा साहेबांना थेट म्हणा, आरोपीला विचारा तुला का पकडलंय. तो म्हणाला "म्हाईत नाय", तर ते रिमांडच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्यायला सांगा. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्या हातात मराठी कागद देऊन अंगठा घेतला तर "समजणाऱ्या भाषेत" झालं का, हा प्रश्न वकिलाने उचलायला हवा. बहुतेक वेळा कोणी उचलत नाही, कारण रिमांडला गर्दी असते आणि एकेकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

फुकट वकील

अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जातीचा दाखला नाही म्हणून लोक अडकून बसतात, तर ऐका, कोठडीत असलेला कोणीही माणूस आणि कोणतीही बाई याच कलमाखाली वेगळ्या कारणाने पात्र आहेत, तिथे दाखला लागत नाही. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टात बसतं, हेल्पलाइन १५१००. वकील मिळाला की पहिल्याच भेटीत भाषेची वही त्याच्या हातात द्या. लीगल एडच्या वकिलांवर कामाचा ढीग असतो, आरोपीला भेटायला वेळ नसतो, त्यांना तयार माहिती मिळाली तर ते भांडतात, हा माझा अनुभव. उगाच सगळ्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही.

अर्ज

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा पसरून लिहिते. दुभाषी तोंडी मागू नका. तोंडी मागितलेलं हवेत जातं, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) एक ओळ पण येत नाही. लेखी अर्ज द्या, त्याला निशाणी क्रमांक (केसच्या फाइलमधला नोंद नंबर) पडू द्या, आणि त्यावर "मंजूर" किंवा "नामंजूर" असा आदेश घ्या. नामंजूर झाला तरी चालेल, वरच्या कोर्टात दाखवायला काहीतरी असतं.

का ते सांगते. १९६६ मध्ये शिवनारायण काबरा विरुद्ध मद्रास राज्य या केसमध्ये आरोपीचं म्हणणं होतं की पुरावा मला येत नाही अशा भाषांत झाला आणि मला समजावून सांगितलाच नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही अनियमितता आहे हे खरं, पण तुझे वकील हजर होते, तेव्हा हरकत घेतली नव्हती, तुझं नुकसान झालं असं दिसत नाही. खटला टिकला. म्हणजे अपिलात जाऊन पहिल्यांदा "कळत नव्हतं" म्हणून चालत नाही, खालीच ओरडायचं, वेळेवर.

अर्ज साध्या मराठीत असा चालतो:

"मे. न्यायदंडाधिकारी साहेब यांचे न्यायालयात. फौजदारी खटला क्रमांक अमुक. आरोपीतर्फे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ चे कलम ३१४ अन्वये अर्ज. १) आरोपी हा कातकरी जमातीचा असून तो घरी व दैनंदिन व्यवहारात कातकरी भाषा बोलतो. त्यास न्यायालयीन मराठी समजत नाही. २) दिनांक अमुक रोजी भेटीत त्यास अमुक वाक्य सांगितले असता त्याने त्याचा अर्थ अमुक असा सांगितला. ३) सबब दोषारोप समजावणे, साक्षीपुरावा व आरोपीचा जबाब या सर्व टप्प्यांवर शपथबद्ध दुभाषी नेमावा, त्याचा खर्च शासनाने करावा, व दुभाषी हजर नसल्यास त्या दिवशी साक्ष नोंदवू नये, ही विनंती."

शेवटचं वाक्य काढू नका हां. नाहीतर दुभाषी मंजूर होतो, येत नाही, आणि साक्षीदार लांबून आलाय म्हणून साक्ष उरकली जाते. आणि अर्ज दोषारोपाच्या आधीच द्या, कबुलीचा प्रश्न तिथेच येतो.

चार्जशीटच्या भाषांतराचं वेगळं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीआय विरुद्ध नरोत्तम धाकड या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की चार्जशीट दुसऱ्या भाषेत आहे म्हणून बेकायदा होत नाही, पण आरोपी आणि वकील दोघांनाही ती भाषा येत नसेल तर भाषांतर मागता येतं, आणि ते लवकर मागावं. आपल्याकडे वकिलाला मराठी येतेच, त्यामुळे या मुद्द्यावर फार ताकद घालवू नका. त्यापेक्षा वकील आणि दुभाषी दोघांनी बसून आरोपीला चार्जशीट पानागणिक सांगावी. दोन दुपारी जातात, जाऊ द्या.

दुभाषी आणायचा कुठून

कोर्टात कातकरी किंवा वारलीचा पगारी दुभाषी बसलेला नसतो. आदेश होतो आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून अर्जाबरोबरच दोन नावं तयार ठेवा. आश्रमशाळेतले त्याच जमातीचे शिक्षक किंवा कामाठी, आशा ताई, अंगणवाडीच्या बाई, पदवीपर्यंत शिकलेली पाड्यावरची पोरं. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, आदिवासी विकासचे अपर आयुक्त ठाण्यातच बसतात, आणि पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. कोर्टाला विनंती करता येते की यांना पत्र लिहून माणूस मागवा. कोर्टाचं पत्र गेलं की फाइल हलते, तुमच्या-माझ्या पत्राने नाही.

नवी मुंबईत प्रकार वेगळा. तिथे उलवे, खारघर, तळोजाकडे बांधकामावर झारखंड, ओडिशाची पोरं असतात, संथाळी, मुंडारी, "हो" नावाची भाषा बोलणारी, नाहीतर नंदुरबारकडचे भिली, पावरी बोलणारे. तळोजा एमआयडीसीत विचारून दुभाषी मिळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३० खटल्याचं कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला परवानगी देतं, तेव्हा रांची किंवा नंदुरबारहून व्हिडिओ कॉन्फरन्सवर दुभाषी घ्यावा अशी मागणी करा. नेटवर्क गेलं तर काम थांबवा हेही आधीच बोलून घ्या.

कोण चालणार नाही ते जास्त महत्त्वाचं. तपास करणारा हवालदार, नाही. सहआरोपी, नाही. फिर्यादीचा नातेवाईक तर नाहीच. आणि मुकादम, मजुरांची टोळी आणणारा! मुकादम सगळ्यात आधी पुढे येतो, साहेब मला त्यांची भाषा येते, म्हणून. येतेही खरंच. पण आरोपीच्या अंगावर त्याचीच उचल असते, त्याच्यासमोर तो माणूस एक शब्द मोकळा बोलणार नाही. बाई आरोपी असेल किंवा बाईवर अत्याचाराची केस असेल तर बाईच दुभाषी बघा, गावकीतला पुरुष नको.

त्या भट्टीवाल्या दादासाठी शेवटी कोण आलं माहितीये का, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक मावशी. शिक्षण सातवी. कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढली, घाबरली होती, पण तिला दोन्ही बाजूची बोली अशी येत होती की आम्ही सगळे गप्प बसलो. सर्टिफिकेटवर अडून बसू नका.

साक्षीच्या दिवशी

दुभाष्याला शपथ घ्यावी लागते, शपथ कायदा १९६९ मध्ये तसं आहे, आणि संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे खरं भाषांतर सांगायला तो बांधील आहे. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसा. पंचनामा, मुद्देमाल, जातमुचलका, सरतपास हे शब्द धड मराठी माणसालाही कळत नाहीत, मला स्वतःला सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न) कळायला वर्ष गेलं. प्रत्येक शब्दाला त्यांच्या बोलीत काय म्हणायचं ते ठरवून कागदावर लिहून ठेवा. मुद्देमालाला मावशीने "पोलिसांनी नेलेली वस्तू" असं सरळ केलं, झालं काम.

दुभाष्याला तीन गोष्टी सांगा. छोट्या तुकड्यांत भाषांतर करायचं. "तो म्हणतो की" नको, "मी गेलो" म्हणाला तर "मी गेलो" असंच सांगायचं. आणि स्वतःहून समजूत घालायची नाही, कळलं नाही तर कोर्टाला सांगायचं की प्रश्न परत विचारा. मी एकदा बघितलंय, साक्षीदार मिनिटभर हातवारे करून बोलला, रस्ता दाखवला, झाड दाखवलं, कोणाचं तरी नाव घेतलं, आणि दुभाषी म्हणाला, "नाही म्हणतोय साहेब." टायपिस्टने टाइप केलं: नाही. अशा वेळी वकिलाने तिथेच उठून म्हणायचं की पूर्ण उत्तर रेकॉर्डवर यावं. नंतर काही होत नाही.

दुभाषी आरोपीजवळ उभा राहिला पाहिजे. आरोपी मागे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आणि दुभाषी पुढे टायपिस्टशेजारी, असं झालं की भाषांतर एकाच बाजूने होतं, कोर्टाला आरोपी कळतो, आरोपीला कोर्ट नाही. घरी जाऊन ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकून त्या दिवशीचं काय चढलंय ते बघा, दुभाषी हजर होता असं लिहिलंय का.

सगळे साक्षीदार झाले की आरोपीचा जबाब असतो, कलम ३५१ चा, पूर्वी ३१३ म्हणायचे आणि जुने वकील अजून तेच म्हणतात. प्रश्नावली लांबलचक असते, "तुमच्याविरुद्ध असा पुरावा आला आहे की..." आणि उत्तरं भराभर "खोटे आहे", "माहीत नाही". इथे घाई होऊ देऊ नका. कलम ३१६ सांगतं की लिहिलेला जबाब आरोपीला त्याच्या समजणाऱ्या भाषेत ऐकवायचा आणि त्याला उत्तरात भर घालायची मोकळीक आहे. दादाने उचलीचा सगळा हिशोब इथेच सांगितला, कुठल्या महिन्यात किती घेतली, किती विटा पाडल्या, शेठच्या वहीत काय लिहिलं. मावशी सांगत गेली, मॅडम लिहून घेत गेल्या, चहाची सुट्टी पुढे गेली.

आदिवासी माणूस साक्षीदार किंवा फिर्यादी असेल तरी हे लागतं. कलम ३१२ प्रमाणे त्याची साक्ष जमल्यास त्याच्याच भाषेत, नाहीतर खरं भाषांतर करून नोंदवायची, आणि ३१३ प्रमाणे त्याला समजेल अशी परत ऐकवायची. लहान मूल असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात पोलीस ठाण्यापासूनच दुभाष्याची सोय आहे, ती पहिल्या दिवशी मागा, कारण मुलाचा पहिला जबाबच सगळ्यात जास्त चालतो.

आणि एवढं करूनही माणूस मिळालाच नाही तर? कलम ३५७ आहे. आरोपी वेडा नाही पण त्याला कामकाज समजावताच येत नाही, अशा वेळी खटला चालू शकतो, पण खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं तर सगळी कागदपत्रं अहवालासह हायकोर्टाकडे पाठवावी लागतात आणि पुढचं हायकोर्ट ठरवतं. हे कलम क्वचित कोणी उघडतं. पण अर्जात त्याचा उल्लेख केलात की बऱ्याचदा दुभाषी शोधायला अचानक वेग येतो.

निकाल

निकाल वाचताना निदान आदेशाचा भाग आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजणाऱ्या भाषेत सांगावा असं कलम ३९२ मध्ये आहे. या "किंवा" ने घात होतो, वकिलाला कळलं की संपलं असं धरतात. म्हणून निकालाच्या दिवशी दुभाषी हवाच, त्या दिवशी नेमका कोणी बोलवत नाही. शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, आणि कलम ४०४ प्रमाणे त्याने मागितलं तर शक्य असल्यास त्याच्या भाषेतलं भाषांतरही. अपिलाला सेशन्स कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस, हे घरच्यांना बोटावर मोजून सांगा.

दादा सुटला. मॅडमनी वाचलं, वकीलताई हसली, पुढची केस पुकारली गेली. मावशीला त्या दिवशी आश्रमशाळेतून सुट्टी मिळाली नव्हती, आणि दादा पिंजऱ्यात तसाच उभा, हात जोडून, पट्टेवाला "चल बाजूला हो" म्हणेपर्यंत. मग त्याला सहीसाठी बोलावलं. सुटलेल्या माणसालाही वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहीन असा ६ महिन्यांचा मुचलका द्यावा लागतो, कलम ४८१. शाईचं पॅड बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला, त्याला वाटलं परत आत. अंगठा पुढे करेना. शेवटी मी मावशीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, मागून भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती त्यांच्या बोलीत जे काय बोलली त्यातलं मला एवढंच कळलं की ती हसत होती.